स्टेंट बसवल्यानंतर धमनी पुन्हा का अरुंद होते?

अँजिओप्लास्टी करून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारे बहुतेक जण ‘ब्लॉकेज काढलं ना, मग आता काळजी मिटली’ असे म्हणतात. त्यांच्या मनात धमनी म्हणजे नळ आणि चरबी म्हणजे त्यात साचलेला गाळ असतो. पण नळाला जखम होत नाही, धमनीला होते. फुग्याच्या दाबाने धमनीचे आतले अस्तर सोलवटते, मधला स्नायूंचा थर ताणला जातो, प्रसंगी फाटतो आणि त्याच जागी धातूची जाळी, म्हणजेच स्टेंट, कायमची रुतून बसते. शरीराच्या लेखी ही दुखापतच असते आणि तिला उत्तर म्हणून तिथे दाह सुरू होतो. महिन्यांनंतर स्टेंट आतून पुन्हा अरुंद होणे, ज्याला डॉक्टर रिस्टेनोसिस म्हणतात, हे बऱ्याच अंशी जखम भरण्याची क्रिया वेळेवर न थांबल्याचे फळ आहे. म्हणून त्यावरचा उपायही दाह किती दाबला यापेक्षा तो कुठे आणि कधी दाबला, यावर ठरतो.

आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी 1977 मध्ये झुरिकला हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली, तेव्हा हातात फक्त फुगा होता. फुगवलेली धमनी काही वेळात लवचीकपणाने मागे येई, पुढच्या महिन्यांत आक्रसेही. 1986 मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये माणसांत बसवल्या गेलेल्या स्टेंटने हे आक्रसणे रोखले. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेनेस्टेंट चाचणीत पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण 32 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आले. मोठी सुधारणा, पण पाचातला एक रुग्ण उरलाच. या उरलेल्यांत धमनी आक्रसलेली नव्हती, तर जाळीच्या आत नवे मांस वाढले होते. उघड्या पडलेल्या जागी आधी प्लेटलेट चिकटतात, मागोमाग रक्तातल्या मोनोसाइट पेशी येतात, धातूभोवती ठाण मांडून मॅक्रोफेज बनतात आणि वाढीचे रासायनिक संदेश सोडतात. ते मिळताच मधल्या थरातल्या स्नायुपेशी आत सरकतात, विभागतात आणि स्वतःभोवती तंतूंचा थर रचतात. मृत रुग्णांच्या धमन्या तपासणाऱ्यांना असे दिसले, की जाळीची तार मधल्या थरात किंवा चरबीच्या गाभ्यात खोल घुसली असेल तिथे दाहाच्या पेशी जास्त आणि आतला थरही जाड असतो.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे. दाहाच्या पेशी सापडल्या म्हणून त्याच कारण ठरत नाहीत. मग दाह कमी करून पाहिल्यावर काय होते, हे बघावे लागते. स्टेंटनंतर रक्तातील सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन चढेच राहिलेल्या 83 रुग्णांवर इटलीत चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. दीड महिना प्रेडनिसोन हे स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी 93 टक्के वर्षभर त्रासाशिवाय राहिले, न घेतलेल्यांपैकी 65 टक्के. चाचणी लहान होती, एवढे बजावून सांगायला हवे. त्याआधी 1990 मध्ये प्रक्रियेपूर्वी स्टिरॉइडचा एकच डोस देऊन पाहिला होता, तो निष्फळ ठरला. मला या दोन निष्कर्षांत विसंगती दिसत नाही. दाह आठवडेच्या आठवडे चालतो, त्याला एका दिवसाचे औषध कसे पुरणार?

खरा पालट औषध लावलेल्या स्टेंटने घडवला. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले, सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने कॅनडात वेगळे काढलेले सिरोलिमस मूत्रपिंड रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी वापरले जात होते. ते जाळीवर लावल्यावर 2002 च्या रॅव्हेल चाचणीत सहा महिन्यांनी एकाही रुग्णात धमनी पुन्हा अरुंद झाली नाही. साध्या स्टेंटच्या गटात हे प्रमाण सुमारे 27 टक्के होते. सिरोलिमस पेशींची विभागणीही थांबवते, त्यामुळे हा केवळ दाह दाबल्याचा परिणाम मानता येणार नाही. प्रत्यक्ष वापरात शून्य टिकलेही नाही. शिवाय उलटी बाजू 2006 मध्ये गाजली. बसवून वर्ष उलटल्यावर काही स्टेंटमध्ये अचानक गुठळ्या होत होत्या. औषधाने जखम भरणे इतके लांबवले होते, की धातूवर अस्तर पुरते चढलेच नव्हते. आणि औषध धरून ठेवणाऱ्या पॉलिमरचाच काहींच्या धमनीला दाह होत होता! स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या मनाने बंद करू नका, असे डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतात ते यासाठी. आजच्या स्टेंटची तार बारीक आहे, पॉलिमर सौम्य आहे आणि हा धोका बराच घटला आहे.

दुसरा आक्षेप प्रत्यक्ष काम करणाऱ्या डॉक्टरांचा असतो: कसला दाह, अनेकदा स्टेंट नीट उघडलेलाच नसतो! हेही खरे आहे. कॅल्शियमने कडक झालेल्या जागी जाळी अर्धवट फुलली, तर पुढे थोडे मांस वाढले तरी मार्ग बंद होतो. आपल्याकडे 2017 मध्ये सरकारने किमतीवर मर्यादा घातली तेव्हा औषधी स्टेंट किती रुपयांना, याची चर्चा घरोघरी झाली. तो पुरेसा फुलला का, हे रुग्ण आजही क्वचित विचारतो. पण हा आक्षेप मूळ मुद्दा खोडत नाही. जागा आधीच कमी असेल, तर जखमेचे नेहमीचे भरणेही महागात पडते, इतकेच.

मग सगळ्यांनीच दाह कमी करणारे औषध घ्यावे का? 2017 च्या कँटोस चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह कमी करून हृदयविकाराच्या घटना सुमारे 15 टक्क्यांनी घटल्या. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले. गाउटवरचे जुने, स्वस्त कोल्चिसिन 2019 आणि 2020 च्या मोठ्या चाचण्यांत उपयोगी ठरले, पण 2024 मध्ये हार्ट अटॅकनंतर लगेच दिलेल्या सात हजारांवर रुग्णांत त्याचा फायदा दिसला नाही. या चाचण्या मुख्यतः अटॅक, पक्षाघात आणि मृत्यू मोजणाऱ्या होत्या, स्टेंटच्या आतली जागा मोजणाऱ्या नव्हेत. ती मोजलेल्या 2013 च्या एका छोट्या चाचणीत, साधा स्टेंट बसवलेल्या मधुमेहींमध्ये, कोल्चिसिनने रिस्टेनोसिस निम्म्यावर आणले होते. आजच्या औषधी स्टेंटला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे मला घाईचे वाटते.

त्यामुळे काही महिन्यांनी चालताना छाती पुन्हा भरून येऊ लागली, तर नुसत्या अँजिओग्राफीवर न थांबता धमनीच्या आतून सोनोग्राफी किंवा ओसीटी (प्रकाशाने आतली प्रतिमा घेणारी तपासणी) करून कारण पाहणे योग्य. स्टेंट उघडलेला नसेल तर जास्त दाबाचा फुगा लागतो. मांस वाढले असेल, तर औषध लावलेला फुगा काही सेकंद फुगवून औषध तिथेच सोडता येते, आणि धातूचा आणखी एक थर वाचतो.