नाणं घासू नका: जुन्या नाण्यांवरचे डाग कसे ओळखायचे

आज कोडिंगवर काहीच बोलणार नाही. आज एका खुनाची कबुली द्यायची आहे.

मागच्या दिवाळीत बार्शीटाकळीला घरी गेलो. आजीच्या डब्यात ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा सापडला. तांब्याचा, गर्द चॉकलेटी. आजी म्हणाली, "चिचेनं घास ना बापू, सोन्यावानी चमकते." घासला. पाच मिनिटांत लालगुलाबी. एका जुन्या संग्राहक काकांना फोटो पाठवला. एकाच शब्दात उत्तर आलं: "मेलं."

झालं काय? तो चॉकलेटी थर मळ नव्हता. तांब्याचा हवेशी वर्षानुवर्षं संयोग होऊन ती कातडी तयार होते आणि खालच्या धातूला सांभाळते. चिंचेतलं आम्ल ती विरघळवतं. असं नाणं ओळखायला मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. सगळीकडे एकसारखा कच्चा गुलाबी रंग, अक्षरांच्या कडा बोथट, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले, तर कुणीतरी आम्ल वापरलंय. सोबत एकाच दिशेच्या बारीक रेघा असतील तर ब्रशही मारलाय.

चांदीचंही तसंच. काळेपणा हा हवेतल्या गंधकामुळे येतो, त्याला घाबरू नका. व्हिक्टोरियाचा रुपया मुळात ११.६६ ग्रॅमचा. झीज धरूनही वजन फारच कमी भरलं, तर शंका घ्या.

आता हिरवा रंग. इथे बहुतेक लोक फसतात. लाकडी टूथपिकनं हळूच टोकरून बघा. कडक, गुळगुळीत, निघत नाही? राहू द्या. फिकट हिरवी पावडर सुटते आणि काही दिवसांनी त्याच जागी परत येते? हा खरा रोग. क्लोराइड, हवा आणि ओल मिळून आत आम्ल बनत राहतं आणि तांबं पोखरतं. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आठवा, अशा खारट मातीत पुरलेल्या नाण्याला हा धोका जास्त. (शेतात पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, १८७८ चा कायदा आहे.) असं नाणं धुवू नका. बाकीच्यांपासून वेगळं काढा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कोरड्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

तिसरा हिरवा चिकट असतो, बोटाला तेलकट लागतो. तो मऊ पीव्हीसीच्या अल्बमचा प्रताप. प्लॅस्टिक कुजतं आणि त्यातलं आम्ल नाण्यावर उतरतं. सुरुवातीलाच कळलं तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून हे निघतं, न घासता. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात रंग आणि सुगंध मिसळलेले असतात. खिडकी उघडी ठेवा, गॅसजवळ तर बिलकुल नको, भडका उडतो.

माझा पाव आणा आता टेबलावर असतो. हळूहळू तपकिरी होतोय, पण बुजलेली अक्षरं काही परत येणार नाहीत. आजीच्या डब्यात अजून चार नाणी आहेत. चिंच मी स्वयंपाकघरातच ठेवलीय.