सरांनी झांजा बदलल्या

गेल्या ईदच्या सुट्टीनंतरची गोष्ट. आमचा थोरला ड्रम्सच्या क्लासहून आला, सरळ खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. तेरा वर्षांच्या मुलाने दार लावून घेणं ही काही बातमी नव्हे. पण त्या संध्याकाळी खोलीतून आवाजच आला नाही, तेव्हा मी घाबरले. एरवी हा मुलगा जेवणाच्या ताटावर, गाडीच्या डॅशबोर्डवर, धाकटीच्या डोक्यावर, जागा मिळेल तिथे वाजवत असतो. शारजातल्या आमच्या फ्लॅटच्या भिंती अशा की शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्हीच मोजतो. त्यामुळे घरात ड्रम्स नाहीत, रबराचं एक पॅड आहे. तेही गप्प होतं.

जेवताना कळलं. सरांनी झांजा बदलल्या होत्या.

मला आधी यात रडण्यासारखं काय ते समजेना. मग त्यानेच समजावलं. ड्रम्स जिथे वाजवायचे तिथलेच असतात, हॉटेलचे, हॉलचे, क्लासचे. झांजा मात्र ज्याने त्याने आपल्या न्यायच्या. म्हणून ड्रमरची खरी ओळख झांजेत. सर वर्षभर एका कंपनीचं नाव सांगत होते. त्यांच्या शब्दाखातर याने दोन दिवाळ्यांची ओवाळणी, आजोबांनी दिलेले पैसे आणि ईदी म्हणून मिळालेले दिरहम एकत्र करून, हजाराच्या वर मोजून, त्याच कंपनीची एक मोठी झांज फेब्रुवारीत घेतली होती. आणि आता सर दुसऱ्या कंपनीचा टीशर्ट घालून, नव्या झांजा मांडून वर्गाला सांगत होते की असा आवाज कुठे मिळायचा नाही.

"मग आधी ते खोटं बोलत होते, की आता बोलतायत?" त्याने विचारलं.

मी सहा वर्षं सांगलीत मराठी शिकवलंय. व्याकरणाचा प्रश्न असता तर उत्तर दिलं असतं. इथे मी "पोळी गार होतेय" एवढंच म्हणाले.

पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून दुपारच्या वेळात जमेल तेवढं वाचलं. वाचलं आणि गुंतत गेले, कारण या धंद्याच्या मुळाशी चक्क एक भाऊबंदकी निघाली!

झिल्जियन ही जगातली सगळ्यात प्रसिद्ध झांजांची कंपनी. ती सुरू झाली १६२३ साली, तुर्कांच्या इस्तंबूलमध्ये. म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही सात वर्षं आधी. अवेदिस नावाच्या आर्मेनियन कारागिराने तांबं आणि कथिल असं काही मिसळलं की पत्रा पातळ ठोकला तरी तडकेना आणि आवाज लांबवर जाई. सुलतानाच्या लष्करी वाद्यवृंदाला हेच हवं होतं. 'झिल' म्हणजे झांज, 'जी' म्हणजे करणारा, 'यान' म्हणजे त्याचा वंश. आपल्याकडचे कासार, तांबट तसेच हे. पुढे १९२९ मध्ये घराणं अमेरिकेत स्थिरावलं. जीन क्रूपासारखे जॅझवाले ड्रमर कारखान्याशी बोलून पातळ झांजा करून घेऊ लागले. वाजवणारा सांगतो आणि घडवणारा ठोकतो, हे नातं तेव्हाचं, आणि माझ्या मते त्यात वावगं काही नाही.

१९७९ मध्ये तिसरे अवेदिस वारले आणि आर्मंड व रॉबर्ट या दोन मुलांत कंपनीवरून वाद कोर्टात गेला. तडजोडीत रॉबर्टच्या वाट्याला कॅनडातला, मेडक्टिक नावाच्या लहानशा गावातला कारखाना आला. घराण्याचं नाव मात्र वापरायचं नाही. तेव्हा १९८१ मध्ये त्याने सॅली, बिली आणि अँडी या आपल्या तीन मुलांच्या नावांची अक्षरं जोडून 'सेबियन' हे नाव केलं. आज या दोन्ही कंपन्या एकमेकींचे ड्रमर ओढत असतात. इस्तंबूलमध्ये मागे राहिलेल्या कारागिरांचंही तेच. अगोप आणि मेहमेत यांनी भागीदारीत कंपनी काढली, अगोप १९९६ मध्ये गेले आणि तिच्या दोन कंपन्या झाल्या. हे वाचून दाखवल्यावर आमचे हे म्हणाले, "म्हणजे आपल्या गावच्या विहिरीसारखंच."

तर मोठमोठ्या लोकांनीही कंपन्या बदलल्या आहेत. 'रश' या कॅनडाच्या बँडचा नील पर्ट कित्येक वर्षं झिल्जियन वाजवायचा. २००४ च्या दौऱ्यात त्याच्यासमोर सेबियनच्या झांजा होत्या, त्याच्यासोबत बसून घडवलेल्या, 'पॅरागॉन' नावाच्या. स्टिंगबरोबर वाजवलेला विनी कोलायुटा २०१२ च्या सुमारास झिल्जियन सोडून स्वित्झर्लंडच्या पाइस्टेकडे गेला. अशा वेळी चाहते चिडतात. आपला माणूस शिवसेनेतून काँग्रेसमध्ये गेल्यासारखे चिडतात!

मी मुलाला म्हटलं, सरांनाच विचारू या. तो नको नको म्हणत असताना पुढच्या शनिवारी क्लासला त्याच्याबरोबर गेले.

सर गोव्याचे. वीस वर्षं इथल्या हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवतायत. कोकणी वळणाच्या मराठीत बोलतात आणि मला "बाई" म्हणतात, तेही शाळेतल्या बाई अशा अर्थाने. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी चहा मागवला. करार म्हणजे कोट्यवधी रुपये हा लोकांचा समज आहे, म्हणाले. जगप्रसिद्ध माणसाला झांजा फुकट मिळतात, त्याच्या नावाची खास मालिका निघाली तर विक्रीतला वाटाही मिळतो. त्यांच्यासारख्याला मिळते ती किमतीत सूट, आणि कंपनीच्या यादीत नाव. बदल्यात मंचावर दुसऱ्या कुणाची झांज मांडायची नाही, फोटो द्यायचा, टीशर्ट घालायचा. गेल्या वर्षी त्यांच्या झांजेला कडेला चीर गेली. चीर गेलेली झांज संपली, ती सांधता येत नाही. ही गोष्ट जुन्या कंपनीच्या इथल्या माणसाला कळवली, सात महिने उत्तर नाही. रोज रात्री वाजवणाऱ्याने सात महिने काय करावं? दुसरीवाले आले, त्यांनी त्याच आठवड्यात झांज दिली. "पोट, बाई," ते म्हणाले आणि पोटावर दोन बोटांनी ताल धरला.

मग त्यांनी मुलाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. त्याची झांज आणि स्वतःची नवी, अशा आलटून पालटून दहादा वाजवल्या आणि कुठली कोणती ते ओळखायला सांगितलं. त्याने चार बरोबर ओळखल्या. नंतर सर उभे राहिले, मुलाने वाजवल्या. सरांनी दहाच्या दहा ओळखल्या.

म्हणजे फरक असतो. पण तो चांगल्या-वाईटाचा नव्हे, असं सर म्हणाले. याच्या झांजेचा आवाज कोरडा, काठी मोजून ऐकू येते. त्यांची नवी जास्त पसरते, हॉटेलच्या गोंगाटात बरी. "मग वर्गाला तसं का नाही सांगितलंत?" हे मी नाही, मुलाने विचारलं. सर जरा थांबले. "सांगायला हवं होतं," म्हणाले.

परतताना शेख मोहम्मद बिन झायद रोडवर नेहमीची गर्दी. मुलगा मागे बसून म्हणाला, "बाबा पण आधी म्हणायचे ना, आमच्यासारखी कंपनी दुबईत नाही?" हे खरं होतं. तीन वर्षांपूर्वी यांनी नोकरी बदलली. २०२२ च्या फेब्रुवारीत इथे नवा कामगार कायदा आला, बेमुदत करार बंद झाले, सगळेच मुदतीचे. जुन्या कंपनीशी स्पर्धा करायची नाही ही अट करारात असली तर ती दोन वर्षांपर्यंत चालू शकते. यांच्या करारात होती, म्हणून त्यांना कामाची लाइनच बदलावी लागली. आम्ही सगळे इथे कुणाच्या ना कुणाच्या सहीवर राहतो. घरात अजून जुन्या कंपनीचा मग आहे, त्यात हे रोज चहा पितात आणि नव्या कंपनीचं गुणगान करतात.

मी मात्र त्या प्रश्नाने भलत्याच ठिकाणी पोचले. सांगलीला दर जूनमध्ये प्रकाशकांचे प्रतिनिधी शाळेत यायचे. गाईडची एक प्रत बाईंना भेट, वर डायरी, कधी पेन. एका वर्षी मी नववीच्या वर्गाला एका प्रकाशनाचं गाईड घ्या म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी दुसऱ्याचं. वाईट कुठलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी एक मुलगी थोरल्या बहिणीचं गाईड घेऊन आली, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, नीट जपलेलं. आठवड्याने तिच्याजवळ नवं गाईड दिसलं. तिचे वडील हमाली करायचे. मी तिला "जुनं चालेल गं" असं म्हणू शकले असते. म्हटलं नाही, कारण माझ्या टेबलावर नवं होतं. त्या डायरीत मी हिशेब लिहायचे.

हे मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "तिला पैसे परत दिलेस?" नाही दिले. मला तिचं आडनावसुद्धा आता आठवत नाही.

मी मूळची मिरजेजवळची. सतारी-तंबोऱ्यांचं गाव ते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर पेढे वाटल्यासारखे संदेश फिरले होते. झाकीर हुसेन यांचे तबले करणारे हरिदास व्हटकरही मूळचे मिरजेचेच. झाकीरभाईंनी ताजमहाल चहाची जाहिरात केली आणि ती घराघरात पोचली. तबला कुणी घडवला हे मात्र समोरच्या प्रेक्षकाला दिसत नसे, तिथे कुणाचा शिक्का नसतो. १५ डिसेंबर २०२४ ला ते गेले, तेव्हा कितीतरी लोकांनी व्हटकरांचं नाव पहिल्यांदाच ऐकलं. हे बरं की वाईट, मला ठरवता येत नाही. शिक्का नसला की कारागिराला कंपनीसारखी किंमतही मिळत नाही.

मे महिन्यात सासूबाई आल्या, त्यांनी काशाची वाटी आणली. उन्हाने यांचे तळवे पेटतात, त्यावर तूप लावून घासायला. मी मुलाला म्हटलं, झांजेत ऐंशी भाग तांबं आणि वीस भाग कथिल असतं ना, मग हे कासंही जवळजवळ तेच. त्याचा विश्वास बसेना. त्याने वाटी बोटांच्या टोकांवर तोलून काठीने हळूच टिचकी दिली आणि कानाशी धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग उलटी करून कंपनी शोधू लागला.

"कंपनी कसली शोधतोस बाळा, नाव वाच," सासूबाई म्हणाल्या. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी त्यांच्या आईचं नाव घातलेलं होतं. पूर्वी भांडं घेतलं की दुकानदार तिथेच बसून नाव घालून द्यायचा, आणि ते नाव भांडं घेणाऱ्याचं असे, घडवणाऱ्याचं नव्हे, हे त्याला नवीनच होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने सरांना फोन करून विचारलं, झांजेवर असं नाव घालता येईल का. ठिपके ठोकले तर तिथूनच चीर जाईल, सर म्हणाले, मार्करने लिही. आता यंदाच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात तो वाजवणार आहे. झांज तीच, फेब्रुवारीतली. कंपनीचं नाव वापराने अर्धं पुसलंय. त्याच्याखाली काळ्या मार्करने याने स्वतःचं नाव लिहिलंय, आणि त्याच्या शेजारी, का कोण जाणे, पणजीचं.