घरातल्या वाय-फायला कुलूप आहे का?

प्रतिनिधी, नाशिक

अहमदाबादेत २६ जुलै २००८ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरातील असुरक्षित वाय-फायवरून पाठविल्याचे तपासात आढळले होते. तेथे राहणाऱ्या व्यक्तीची मात्र चौकशी झाली. वाय-फायच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत; नाशिकमधील सदनिकाधारकांनीही पुढील संज्ञा जाणून घ्याव्यात.

राउटर : एकच इंटरनेट जोडणी घरातील अनेक उपकरणांना वाटून देणारे यंत्र.

एसएसआयडी : शेजाऱ्यांच्या मोबाइलवरही दिसणारे नेटवर्कचे नाव.

डब्ल्यूईपी : सहज भेदता येणारी जुनी सुरक्षा पद्धत.

डब्ल्यूपीए-२, डब्ल्यूपीए-३ : माहिती सांकेतिक रूपात पाठविणाऱ्या अधिक सुरक्षित पद्धती. राउटरमध्ये यांपैकी एक निवडून मूळ पासवर्ड त्वरित बदलावा.