छोट्या बोटीत शिरलेलं पाणी : वर्गात सांगण्याजोगं विज्ञान

ऑस्ट्रेलियात अनेक घरांच्या अंगणात ट्रेलरवर एक छोटी बोट उभी असते. पाच-सहा मीटर लांब, मागे आउटबोर्ड इंजिन. सुट्टीला गाडीला जोडायची, उतारावरून पाण्यात सोडायची आणि खोल समुद्रात मासे धरायला जायचं. अशी बोट सजवताना हौशी माणूस आधी गळाच्या काठ्या आणि मासे दाखवणारं यंत्र विकत घेतो. पण आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आत शिरलेलं पाणी बाहेर जाणार कसं?

मुलांना गणित घालून बघा. डेक ४ मीटर लांब, दीड मीटर रुंद. लाट आली आणि १० सेंमी पाणी साचलं. म्हणजे ६०० लिटर. समुद्राचं पाणी, त्यामुळे वजन ६०० किलोहून थोडं जास्तच. आठ-नऊ मोठी माणसं एकदम चढल्यासारखं! शिवाय माणसं एका जागी बसतात, पाणी बसत नाही. बोट डावीकडे कलली की ते डावीकडे धावतं आणि बोट आणखी कलते. परातीत पाणी घेऊन चालायला सांगा, मुलांना लगेच उमगेल.

समजा, पंप ताशी २००० लिटर पाणी फेकतो. मग हे पाणी काढायला १८ मिनिटं लागतील. पुढची लाट तेवढं थांबते होय? म्हणून डेक बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच हवा आणि मागे झडपेची भोकं हवीत. पाणी आपोआप वाहून जातं. मात्र मागे जास्त वजन लादलं की डेक खाली जातो आणि त्याच भोकांवाटे पाणी उलटं आत येऊ शकतं. बर्फाची पेटी, इंधन, बॅटऱ्या हे सगळं खाली आणि शक्य तितकं मध्यावर ठेवायचं ते यासाठी.

डेकखालच्या पोकळीत फोम असेल तर बोट पाण्याने भरूनही तरंगते. १९६१ साली ‘लाइफ’ मासिकात ‘बोस्टन व्हेलर’ कंपनीच्या मालकाचं छायाचित्र आलं होतं. करवतीने बोट मधोमध कापली जातेय आणि हे गृहस्थ आत निवांत बसलेत!

ट्रेलरकडेही लक्ष हवं. प्रवासाने तापलेली चाकं लगेच थंड पाण्यात बुडवली की बेअरिंगभोवतीची हवा आकुंचन पावते आणि खारं पाणी आत ओढलं जातं. मग गंज. थोडं थांबून बोट उतरवावी, ग्रीस वेळच्या वेळी भरावं.

किनाऱ्यापासून २ सागरी मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे ३.७ किमीपुढे, तिथे उपग्रहाला संकटाचा संदेश देणारं यंत्र सोबत लागतं. आपल्या मच्छीमारांसाठीही इस्रोने अशा कामाचं यंत्र बनवलं आहे. ते हाताशी हवं, सामानाच्या तळाशी नको. लाइफ जॅकेट अंगावरच.

आणि बोटीच्या तळाचं बूच! पाणी निथळावं म्हणून घरी ते काढून ठेवलेलं असतं. उतारावर जाण्याआधी ते घट्ट बसवलंय ना, हे हात लावून बघायचं.