संग्रहालयातला गारवा नेमका कुणासाठी?

जुलैतल्या मुंबईच्या चिकचिकीतून एखाद्या वातानुकूलित दालनात शिरलं की अंगावर काटा येतो आणि वाटतं, वस्तू टिकवायच्या तर एवढं करावंच लागत असेल. वीज जळते, पण वारसा तरी वाचतो. पर्यावरण आणि जतन यांचं हे वाकडं आपण गृहीतच धरलेलं आहे. त्यामागे एक आकडा आहे : तापमान २०-२१ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता ५० टक्के, तीही फार तर पाच टक्के इकडेतिकडे. संग्रहालयांच्या जगात काही दशकं हे ब्रह्मवाक्य होतं.

त्याचा उगम शोधत गेलं की आपण वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या एका खाणीत पोचतो. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने लंडनच्या नॅशनल गॅलरीने १९४१ साली आपली चित्रं मॅनॉड इथल्या या खाणीत हलवली. व्हॅन डाइकने रंगवलेलं घोड्यावरच्या पहिल्या चार्ल्सचं चित्र इतकं उंच, की वाटेतल्या रेल्वेपुलाखालचा रस्ता खणून खाली घ्यावा लागला. खाणीच्या पोटात विटांच्या खोल्या बांधल्या आणि आत साधारण १७ अंश तापमान व ४२ टक्के आर्द्रता राखली. तिथे असेपर्यंत चित्रांचे रंग सुटण्याचं प्रमाण जवळजवळ नाहीसं झालं. युद्ध संपून चित्रं लंडनला परतली, तसं ते पुन्हा वाढलं. धडा योग्यच होता : हवेत एकसारखेपणा हवा. पण पुढे वातानुकूलन यंत्रं आली आणि ‘एकसारखेपणा’ची व्याख्या यंत्रांना जमेल तितकी आवळली गेली. याच गॅलरीचे वैज्ञानिक सल्लागार गॅरी थॉमसन यांचं संग्रहालयातल्या हवामानावरचं पुस्तक १९७८ साली आलं. चार-पाच टक्क्यांची मर्यादा उपकरणांच्या कुवतीवरून ठरवली आहे, एवढ्याशा चढउताराने वस्तूचं काय बिघडतं याच्या सखोल ज्ञानावरून नव्हे, हे त्यांनी त्यात सरळ कबूल केलं होतं. आकडा जगभर गेला. कबुली पुस्तकातच राहिली.

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लाकूड, सरस, रंगाचे थर ताणून-सोडून तपासले, तेव्हा बहुतेक पदार्थ यापेक्षा बराच मोठा चढउतार सोसून पूर्ववत होतात असं दिसलं. त्यानंतरही नियम सैल व्हायला वीसेक वर्षं गेली. मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या ‘बिझो’ गटाने आखलेल्या हरित नियमावलीत आता १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता चालते. चोवीस तासांत दहा टक्क्यांहून मोठी उडी नसावी, एवढंच. म्हणजे यंत्राला दिवसभर धाप लागेपर्यंत पळवायची गरज नाही. बऱ्याच दालनांतला गारवा खरं तर वस्तूंपेक्षा प्रेक्षकांसाठी असतो. त्यात गैर काही नाही, फक्त ते बिल वारशाच्या नावावर फाडू नये.

पण याचा अर्थ एसी बंद केला की झालं, असा काढणंही तितकंच चुकीचं. पावसाळ्यात कोकणपट्टीची आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते आणि ६५-७०च्या वर ती टिकून राहिली की कागदावर, कापडावर बुरशी धरते. पुरलेल्या अवस्थेत सापडलेलं लोखंड आणि क्षारांमुळे आतून गंजत जाणारं ‘रोगट’ कांस्य यांना याहून खूप कोरडी हवा लागते. जुनी सिनेफिल्म थंडीतच टिकते. मग सर्वांत वाईट काय? माझ्या मते, सकाळी दारं उघडताना लावायचा आणि संध्याकाळी कुलूप घालताना बंद करायचा एसी. दिवसभर गार झालेल्या भिंतींवर आणि वस्तूंवर रात्री दमट हवा येऊन बसते. वस्तूला रोज एकदा पावसाळा आणि एकदा हिवाळा. त्यापेक्षा एसी नसलेली, जाड भिंतींची, खेळत्या हवेची खोली परवडली. नीट बंद होणारी शोकेस, तळाशी सिलिका जेल आणि गरजेपुरता डिह्युमिडिफायर, एवढ्यावर पुष्कळ वस्तू सुखाने राहतात.

प्रदर्शनांच्या बाबतीत डोळ्यांत भरतात ते दिवे आणि फ्लेक्स. फ्लेक्स टाळावेत, वाद नाही. दिव्यांचं तर मंद ठेवणंच बरं, कारण पैठणी, लघुचित्रं, हस्तलिखितं यांना ५० लक्सच्या वर उजेड सोसत नाही. पण उत्सर्जनाच्या हिशेबातला मोठा वाटा बहुधा वाहतुकीचा निघतो. ओलाफर एलियासन या कलावंताने २०१५च्या हवामान परिषदेच्या वेळी ग्रीनलंडमधले बर्फाचे बारा प्रचंड तुकडे पॅरिसच्या चौकात वितळायला मांडले. हवामानबदलाकडे लक्ष वेधणाऱ्या या कलाकृतीचंच उत्सर्जन सुमारे ३० टन कार्बन डायऑक्साइडइतकं भरलं, आणि त्यातलं बहुतेक बर्फ आणण्यात गेलं होतं. हा हिशेब त्यांनी करवून घेतला आणि जाहीर केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. चित्रं विमानाऐवजी जहाजाने पाठवली, पेटारे पुन्हा वापरले, अधिकाऱ्याने सोबत जाण्याऐवजी पेटारा उघडताना कॅमेऱ्यावरून देखरेख केली, तर जी बचत होते ती दिवे बदलून होणार नाही.

आपल्या किल्ल्या-वाड्यांबाबतचा समज वेगळा आहे : चुना जुनाट, सिमेंट पक्कं. सिमेंट कठीण असतं हे खरंच, आणि तेच जुन्या बांधकामाला नडतं. चुन्याच्या सांध्यांतून भिंतीतली ओल बाहेर पडते. त्यांवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, मग लोणा लागतो आणि शेजारच्या विटा, दगड झिजू लागतात. चुन्याची भट्टी सुमारे ९०० अंशांना भागते, सिमेंटला १,४५० अंश लागतात. शिवाय चुना घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषतो. सगळा नाही, भट्टीच्या जळणाचा धूर काही परत येत नाही. तेव्हा ‘चुना म्हणजे शून्य प्रदूषण’ हा उलट बाजूचा भाबडेपणा झाला.

तसाच भाबडेपणा ‘नैसर्गिक ते निर्धोक’ म्हणण्यात आहे. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचं संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. किडीपासून तो गिलावा बचावला, त्यात या तंतूंचा वाटा असावा असं संशोधकांचं म्हणणं. लगेच ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ची पोस्ट फिरते. पण तिथून काही तासांवर अजिंठ्यात निजामाच्या आमंत्रणावरून आलेल्या इटालियन तज्ज्ञांनी १९२०च्या दशकात चित्रांवर लाखेचं रोगण चढवलं होतं. किड्यांपासून मिळणारी लाख, शंभर टक्के नैसर्गिक. ती पिवळी पडली, धूळ धरून बसली आणि रंग झाकोळले. ती काढण्यासाठी पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना वापरावी लागली ती रासायनिक द्रावणंच.