निर्देशांक आणि मजुरी

२३ मार्च २०२० रोजी मुंबई शेअरबाजाराचा सेन्सेक्स २६,००० च्याही खाली जाऊन बंद झाला, आणि पुरते दहा महिने उलटण्यापूर्वीच, २१ जानेवारी २०२१ रोजी, त्याने ५०,००० चा टप्पा इतिहासात प्रथमच ओलांडला. त्याच अवधीत, ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीमुळे गाड्या बंद असल्याने मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे पायी निघालेले, जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे १६ मजूर करमाडजवळ थकून रुळांवरच निजले असता मालगाडीखाली चिरडले गेले. शिदोरीच्या पोळ्या रुळांवर विखुरल्या. या आकांताची पुसटशीही खूण निर्देशांकात उमटली नाही, आणि उमटण्याचे काही प्रयोजनही नव्हते.

कारण सेन्सेक्स हे ३० मोठ्या कंपन्यांच्या समभागांच्या बाजारभावाचे मापन होय. समभागाचा भाव म्हणजे त्या कंपनीच्या भावी नफ्याविषयी खरेदीदारांनी बांधलेला अदमास. आणि नफ्याच्या हिशेबात कामगाराचे वेतन जमेच्या नव्हे, खर्चाच्या रकान्यात पडते. म्हणूनच पगारकपातीच्या वार्तेने भाव चढला तर बाजाराच्या दृष्टीने त्यात काहीच विपरीत नसते. त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्न घटले असतानाही व्याजदर उतरल्यामुळे पैसा समभागांकडे वळला. उलटपक्षी, सकाळी मजूरनाक्यावर थापी आणि ओळंबा घेऊन उभ्या राहणाऱ्या गवंड्याला कामावर नेणारा ठेकेदार बाजाराच्या यादीत कोठेच नसतो. त्या गवंड्याचा रोज बुडाला तरी निर्देशांकाला त्याची दखल घेण्याचा मार्गच नाही.

बाजाराच्या भरभराटीत श्रमिकाचाही वाटा असतो, असे सांगितले जाते, आणि ते अगदीच निराधार नाही, कारण २०१५ पासून भविष्यनिर्वाह निधीचा काही अंश बाजारात गुंतवला जातो. परंतु ती अपूर्व तेजी होऊन गेल्यावर, २०२१-२२ सालासाठी, या निधीवरील व्याजाचा दर ८.५ वरून ८.१ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे चार दशकांतील नीचांकावर, आणण्यात आला. आणि ज्याचे नाव कोणत्याही पगारपत्रकावर नाही त्या गवंड्याला तर या निधीचाही आधार नाही.

श्रमिकांच्या स्थितीचे आकडेच नाहीत, असे मात्र नाही: शेतमजुरांसाठीचा किंमत निर्देशांक आणि ग्रामीण मजुरीचे दर केंद्राच्या श्रम ब्यूरोच्या दप्तरात नियमाने नोंदले जातात व प्रसिद्धही होतात. आपल्या वृत्तपत्रांच्या संपादकांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी ते आकडे सेन्सेक्सच्या शेजारी, त्याच पानावर आणि तितक्याच ठळक अक्षरांत छापावेत.