काचेआडचा मुडदूस

बोईसरहून एका वाचकाने विचारले आहे: घरातल्या इग्वानाच्या मांड्या अलीकडे चांगल्या भरल्यात, पण फांदीवर चढताना तो घसरतो. असे का? प्राणी न पाहता निदान करण्याचा आगाऊपणा नको. तरीही या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या की सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरला पहिली शंका येते ती हाडांच्या आजाराची. अशी मांडी बहुधा भरलेली नसते, सुजलेली असते.

रक्तातले कॅल्शिअम ठरावीक पातळीखाली गेले तर स्नायू आणि हृदय चालेनासे होतात. त्यामुळे बाहेरून पुरवठा आटला की शरीर हाडांतली मुदत ठेव मोडून रोजचा खर्च भागवू लागते. ठिसूळ झालेल्या हाडाभोवती तंतुमय ऊती साचते आणि मालकाला वाटते, गडी बाळसे धरतोय. मग खालचा जबडा मऊ पडतो, बोटे थरथरतात, मागचे पाय फरफटतात, पोट साफ होत नाही आणि एखाद्या साध्या उडीत हाड मोडते. लहान मुलांच्या मुडदुसाचे हे सख्खे भावंड.

आता जरा नकाशा उघडा. हिरवा इग्वाना मूळचा मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या जंगलांतला. मेक्सिकोतले व्हेराक्रूझ बंदर आणि आपले पालघर-बोईसर, दोन्ही १९ ते २० उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात. या प्राण्याला हवे तसले ऊन आपल्या गॅलरीत फुकट उतरते, आणि तो बसलेला असतो हॉलमधल्या काचेच्या पेटीत! खोली उजेडाने भरलेली दिसते, पण सूर्यप्रकाशातले साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील किरण खिडकीची काच जवळजवळ सगळे अडवते. कातडीत ड जीवनसत्त्व घडवतात ते हेच किरण. ते जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेले कॅल्शिअम आतड्यातून पुरेसे रक्तात उतरत नाही. इग्वानाचे नुसत्या तोंडावाटे दिलेल्या ‘ड’वर नीट भागत नाही, त्याला ऊन लागतेच.

अतिनील किरणांचे आणि हाडांचे हे नाते आपल्याला कळले ते बर्लिनमधल्या मुलांमुळे. १९१९ साली कुर्ट हुल्डशिन्स्की या बालरोगतज्ज्ञाने मुडदुसाने वाकलेल्या मुलांवर पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचा प्रकाश सोडला आणि हाडे भरून येत असल्याचे क्ष-किरण चित्रांत दाखवले. पुढचा प्रयोग तर मला फारच आवडतो. त्याने मुलाच्या एकाच हातावर प्रकाश टाकला आणि दुसऱ्या हाताचे हाडही सुधारले! म्हणजे प्रकाश हाडावर काम करत नव्हता. कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून अंगभर फिरत होते. हे ‘काहीतरी’ काय, त्याच्या रसायनशास्त्राबद्दल १९२८चे नोबेल अडॉल्फ विंडाऊसला मिळाले. त्याबद्दल तक्रार नाही. पण हुल्डशिन्स्की ज्यू होता. नाझी राजवटीत त्याला जर्मनी सोडावी लागली, तो इजिप्तला गेला आणि १९४०मध्ये तिथेच वारला. इग्वानाच्या पेटीवर लावायचा प्रत्येक अतिनील दिवा त्याच्याच कल्पनेचा वारस आहे, पण खोक्यावर त्याचे नाव कोण छापणार?

खोक्यावर छापतात ते ‘फुल स्पेक्ट्रम’. या शब्दावर विश्वास ठेवू नका. भरपूर पांढरा उजेड देणारा दिवा ‘यूव्हीबी’, म्हणजे वर सांगितलेले अतिनील किरण, देतोच असे नाही. जो देतो, त्याचेही हे किरण दिवा पेटत असताना हळूहळू क्षीण होत जातात, म्हणून तो साधारण वर्षाच्या आत बदलावा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात दिव्याला पर्याय नाही, पण ऑक्टोबरपासून सकाळच्या उन्हात, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून त्याला बाहेर बसवा. काचेची पेटी मात्र कधीही उन्हात ठेवू नका. आतला प्राणी काही मिनिटांत तापून मरू शकतो.

खाणे पूर्ण शाकाहारी. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, तुतीची पाने, थोडा तांबडा भोपळा. यातले बरेचसे आपल्या परसातच मिळते. पालक रोज नको, त्यातले ऑक्झलेट कॅल्शिअम बांधून ठेवते. काकडीने फक्त पोट भरते. हौसेने अंडी किंवा कुत्र्याचे खाणे घालणाऱ्यांचे इग्वाने पुढे मूत्रपिंडाच्या विकाराने आणि गाऊटने आजारी पडतात. पाणी कमी प्यायले जात असेल तर आणखी लवकर. ऊन खाण्याची जागा ३५ अंशांच्या आसपास हवी. डिसेंबरच्या थंड रात्री ऊब देणारा दिवा बंद पडला तर पचनच मंदावते. बोटांवर अडकलेली जुनी कात दोऱ्यासारखी आवळते, ती ओढू नका, कोमट पाण्यात भिजवा. आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवा, कारण निरोगी इग्वानाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर मी इग्वाना पाळूच नका असे सांगेन.

हाडांच्या आजाराचा संशय आला तर घरी कॅल्शिअमच्या बाटल्या रिचवू नका. ‘ड’ जास्त झाले की कॅल्शिअम रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडांत साचते. उंच फांद्या काढून टाका, उचलताना सगळ्या अंगाला आधार द्या आणि डॉक्टर गाठा. गुरा-कुत्र्यांच्या प्रत्येक डॉक्टरला सरड्याच्या जातीचा अनुभव असेल असे नाही, म्हणून आधी फोनवर विचारून घ्या. पालघर जिल्ह्याला सरपटणाऱ्या प्राण्यांचे उपचार परके नाहीत, डहाणूत जखमी समुद्री कासवांवर उपचार होतात. क्ष-किरण चित्र आणि रक्ततपासणीवरून डॉक्टर मात्रा ठरवतील. लवकर गाठले तर हाड पुन्हा घट्ट होते, वाकलेला कणा मात्र सरळ होत नाही. जाताना रोजच्या खाण्याची यादी, पेटीचा फोटो आणि दिव्याचे खोके खरेदीच्या तारखेसह घेऊन जा.